आजोबांच्या पेट्या माळ्यावरून उतरवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोळ जावळी खोऱ्यात. आजोबांच्या २५ मधपेट्या माळ्यावर पडून आहेत, आजोबांना जाऊन दहा वर्षं झाली, तुम्ही पुण्यात नोकरीला. मधमाश्या पाळायची घरची परंपरा आपल्या हातून बुडू नये असं तुम्हाला वाटतं. त्यासाठी उत्तरेकडून मेलिफेराच्या, म्हणजे युरोपियन मधमाशीच्या, ५० पेट्या आणायच्या आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं व्हिडिओत भरून ठेवायचं, असा बेत आहे. हे बरोबर होईल का?

मेलिफेराला माझं उत्तर सरळ नाही असं आहे. व्हिडिओला हो, पण तुमच्या मनात आहे तसा नको. मी ३५ वर्षं महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला सातेरी, म्हणजे आपल्या इथल्या लहान देशी, माश्या पाळतो. त्यातली पहिली दहा चुका करण्यात गेली, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आधी ‘परंपरा’ या शब्दाचंच बघू. माळ्यावरच्या पेट्यांना तुम्ही परंपरा म्हणता, पण तुमच्या आजोबांच्या तरुणपणी ती नवी टूम होती. महाबळेश्वरात पेटीतल्या मधमाशीपालनाची सरकारी योजना आली १९४६ च्या आसपास. त्या पेटीचं मूळही इथलं नाही. चौकटी सुट्या काढता येतील अशी पेटी अमेरिकेत लँगस्ट्रॉथनं १८५१ मध्ये बसवली, आणि आपल्या लहान चणीच्या माशीला बेतेल अशी छोटी आवृत्ती त्रिचनापल्लीच्या फादर न्यूटननी १९१० नंतर तयार केली. तुमच्या माळ्यावरच्या पेट्या बहुधा त्याच घराण्यातल्या असतील. पुढे मधपाळांची सहकारी सोसायटी उभी राहिली, ‘मधुसागर’ हे नाव बाटलीवर आलं, पुण्यात १९६२ ला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली, आणि खोऱ्याखोऱ्यातल्या घरांच्या पडवीत पेट्या दिसायला लागल्या.

त्याआधी काय होतं? मोहोळ काढणं होतं. रात्री मशाल पेटवायची, झाडाच्या ढोलीत नाहीतर कड्याला धूर द्यायचा, हात घालून पोळी ओरबाडायची आणि घरी आणून फडक्यातून पिळायची. त्यात मध निघायचा, तशी पिल्लंही पिळली जायची. ती परंपरा जशीच्या तशी जपावी असं मी कोणाला सांगणार नाही. आमचे चुलते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, तरुणपणी हेच करायचे. ढोलीतलं एक पोळं मात्र ते कधी काढायचे नाहीत. ‘ते फुडच्या सालचं बी,’ म्हणायचे.

पण नानांकडे जे होतं ते मशालीत नव्हतं. मार्च महिन्यात ओढ्याकाठी बसून ते पाण्यावर आलेल्या माश्या बघायचे. माशी पाणी पिऊन उठली की एक घिरटी घेते आणि मग सरळ घराची वाट धरते. ती कुठल्या अंगाला गेली, परत यायला किती वेळ लागला, यावरून ढोली जवळ की लांब हे ते सांगायचे. संध्याकाळी उन्हाकडे तोंड करून उभे राहिले की उलट्या उजेडात उडणाऱ्या माश्यांचे ठिपके चमकतात. तेव्हा ओढ्यावरनं धरलेली दिशा पक्की करायचे. मग झाडापाशी जाऊन बुंध्याला कान. आत माश्या असल्या तर ऐकू येतात. बोटाच्या पेरानं ठोकलं की आवाज क्षणभर चढतो आणि बसतो. राणी नसलेल्या घराचा आवाज चढला की लवकर बसत नाही, रडका सूर धरतो. हे मला पटायला पाच वर्षं लागली, आता पेटी उघडण्याआधी मीही कान लावतो.

जपायचं ते हे. आणि हे जपलं जातं फक्त रानातल्या माश्या जिवंत असतील तर. म्हणून मेलिफेराला नाही म्हणतो.

मेलिफेरा माशी वाईट नाही. १९६० च्या दशकात ती पंजाब-हिमाचलात रुजली आणि तिकडच्या मोहरीच्या, सूर्यफुलाच्या शेतांवर ती भरपूर मध देते. सातेरीची पेटी आपल्या डोंगरात वर्षाला ५ ते ७ किलो देते, चांगल्या साली १०. मेलिफेरा त्याच्या तिप्पट-चौपट देते. पण कशी? ट्रकमध्ये घालून फुलामागं फिरवली तर. तुमच्या जावळीत तिला जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय घालणार? वर महाबळेश्वरला सालाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तुमच्याकडे थोडा कमी धरा. त्या चार महिन्यांत साखरेच्या पाकावर ५० पेट्या पोसायच्या म्हणजे नोकरीचा पगार पेटीत ओतायचा. गांधीलमाशी आली की मेलिफेराचे पहारेकरी एकेक करून मरतात. सातेरी मात्र शे-दोनशेच्या जमावानं तिला गोळ्यात घेते आणि अंग थरथरवून नुसत्या उष्णतेनं मारते. व्हरोआ नावाचा तांबूस कोळीकिडा मुळात सातेरीच्याच अंगावरचा. सातेरी त्याला साफ करून टाकते, तो तिच्या नरांच्या पिल्लांपलीकडे फार पसरत नाही. मेलिफेराला तो पुरता मारतो, आणि मग औषधं सुरू होतात.

आणखी एक. सातेरीची पेटी फुटून थवा सुटला तर तो रानात जाऊन ढोलीत बसतो, जांभळाला, हिरड्याला, आंब्याला उपयोगी पडतो, आणि दोन वर्षांनी तुम्हालाच पुन्हा सापडतो. पेटी आणि रान यांच्यात ही ये-जा चालू असते. मेलिफेराचा थवा आपल्या रानात टिकत नाही, तो गेला की गेला.

आता हेही ऐका, नाहीतर म्हणाल की सातेरीची नुसती आरती ओवाळली. सातेरी लहरी आहे. भूक लागली, मुंग्या आल्या, मेणकिडा लागला, तुम्ही दर दोन दिवसांनी पेटी उघडून बघत बसलात, की ती घर सोडून जाते. आधी राणीची अंडी थांबतात, मग पिल्लं संपतात, साठवलेला मध संपतो, आणि एके दिवशी अकराच्या उन्हात सगळं घर उठतं. थायसॅक नावाचा विषाणूजन्य रोग हिला फार वाईट लागतो. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत त्यानं सातेरीच्या पेट्यांची धूळधाण केली. पिल्लू पोळ्यातल्या आपल्या घरात उभं मरतं, चिमट्यानं उचललं तर पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखं लोंबतं. माझ्या ३० पेट्यांतल्या एका हंगामात ४ उरल्या होत्या, त्याला कारण मी स्वतः. बाहेरून स्वस्तात मिळाल्या म्हणून १० वसाहती आणल्या, न तपासता आपल्या पेट्यांशेजारी मांडल्या. उरलेल्या चारही माझ्याच रानातून धरलेल्या होत्या. तेव्हापासून विकतची माशी नाही. रोगातून जी उरते ती तिथलीच असते, हा माझा अनुभव. शास्त्र म्हणून सांगत नाही.

मग माश्या आणायच्या कुठून? रानातून, आणि तुमच्या आजोबांच्याच पेट्यांत. हे काम सविस्तर सांगतो, कारण चुकायची जागा हीच.

पेट्या खाली उतरवा. आत जुनी काळी पोळी असतील ती सरळ जाळा, मोह धरू नका. त्यात मेणकिड्याची अंडी आणि जुना रोग दोन्ही असतं. लाकूड खरवडून घ्या, आतून बत्तीची ज्योत फिरवा, चार दिवस कडक उन्हात टाका. बाहेरून रंग द्या, आतून अजिबात नको. मग कोपऱ्यांना आणि चौकटींच्या वरच्या पट्टीला आतून मेण चोळा. अशा चार-पाच रिकाम्या पेट्या दिवाळीच्या आगेमागे, आणि पुन्हा जांभूळ फुलायच्या आधी, सावलीत डोक्याइतक्या उंचीवर बांधून ठेवा, दार पूर्वेला. एखादी तरी भरते.

नाही भरली तर भिंतीतलं, जुन्या विहिरीच्या कपारीतलं, पाडायला काढलेल्या घरातलं मोहोळ शोधा. दुपार कलल्यावर काम सुरू करा. धुराडं हलकं, नुसतं गवत आणि शेणाची गोवरी. पोळी एकेक करून सुरीनं कापा. सातेरीची पोळी एकमेकांना समांतर लटकलेली असतात, साधारण सात असतात म्हणून सातेरी असं जुने लोक सांगायचे. मी पाचही पाहिली आहेत आणि नऊही. मधाचा भाग वेगळा काढा, तो तुमचा. पिल्लांचं पोळं चौकटीत बसेल असं कापून केळीच्या सोपटानं बांधा. सुतळी नको, माश्यांचे पाय तिच्या तंतूत अडकतात. पोळं ज्या बाजूनं वर होतं तीच बाजू वर राहिली पाहिजे. उलटं बांधलंत तर सगळी मेहनत वाया. राणी दिसली की तिला हलक्या हातानं काडीपेटीत घ्या. काडीपेटीला आधी टाचणीनं भोकं पाडलेली असू द्यात. काडीपेटी चौकटींच्या मधे ठेवली की माश्या आपोआप आत येऊन जमतात. नाना हे चष्म्याशिवाय करायचे, मला आता बॅटरी लागते. अंधार पडला की पेटी उचला, जागेवर न्या, दाराला राणीला अडवणारी जाळी लावा आणि वरून वाटीभर पाक द्या. पाक रात्रीच, दिवसा दिला तर शेजारच्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात. तीन दिवसांत माश्या पोळं लाकडाला चिकटवतात आणि केळीचं सोपट कुरतडून दाराबाहेर टाकतात. ते धागे दारात पडलेले दिसले की समजायचं, घर मानवलं. मग राणी सोडा आणि आठवडाभर पेटीला हात लावू नका.

पहिल्या साली चार पेट्यांच्या वर जाऊ नका, माळ्यावर २५ असल्या तरी. पहिल्या साली मधही काढू नका. दुसऱ्या साली काढाल तेव्हा फक्त वरच्या मधकोठीतला काढा, तोही पाऊण चौकट मेणानं बंद झाली असेल तरच. सातेरीचा मध मुळात पातळ असतो. अन्नसुरक्षेच्या निकषांत पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या आत लागतं, आणि घाईनं काढलेला मध त्यात बसत नाही, आंबतो, झाकण उडवतो. खालच्या पिल्लांच्या कोठीतला मध पावसाळ्यासाठी माश्यांचाच.

आता व्हिडिओ. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवून ‘तुमच्या काळी कसं होतं?’ विचारलंत तर तो तुम्हाला ऐकायला बरं वाटेल ते सांगेल. मीही तसंच करीन. त्याला पेटीपाशी न्या, रानात न्या, आणि त्याच्या हातांचं चित्रण करा. ‘हे झाड कधी फुलतं?’ विचारा. तो तारीख सांगणार नाही, म्हणेल ‘शिमग्याच्या आधी आठ दिस’. तेच लिहून घ्या आणि पुढं तुमच्या वर्षाची तारीख टाका. पाच वर्षं टाकलीत की तुमच्या शिवाराचं फुलोऱ्याचं पंचांग तयार होतं. आमच्याकडे ढोबळमानानं पाऊस ओसरला की सोनकी आणि रानफुलं, थंडीत पिसा, मार्च-एप्रिलात जांभूळ, मग हिरडा, शेवटी गेळा. पण खोरं बदललं की आठ-पंधरा दिवस पुढंमागं होतं, आणि मधपाळाचं पोट त्या पंधरा दिवसांवर असतं. जांभळाच्या आधी वसाहत भरलेली नसेल तर फुलोरा सुरू झाल्यावर ती पिल्लं वाढवत बसते, आणि पिल्लं बाहेर येईतो जांभूळ झडलेलं असतं.

कारवी ही त्या पंचांगातली मोठी नोंद. सात-आठ वर्षांतून एकदा डोंगरच्या डोंगर जांभळा होतो, बी धरतो आणि झुडपं वाळून जातात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ ला फुलली तेव्हा मुंबईचे लोक गर्दी करून बघायला गेले. आमच्याकडे त्याच काठ्यांचे कुड घालून घरं बांधायचे, त्यामुळे बघायला जायचं काय असतं हे आमच्या आईला कळलं नव्हतं. कारवीचा मध पहिल्यांदा काढला तेव्हा मला वाटलं मध काढायचं यंत्र बिघडलं. चौकटी घातल्या, दांडा फिरवून हात दुखला, बाहेर थेंब नाही. मध पोळ्याच्या घरांत थिजलेला, खरवसासारखा. नाना आले, बाभळीच्या काट्यांची कुंचली करून चौकटीवर टोचत फिरवली आणि म्हणाले, ‘आता फिरीव’. भसाभस मध आला. या मधाचा गुणच असा: बाटली उलटी केली तरी हलत नाही, चमच्यानं ढवळला की पातळ होतो, थोडा वेळ ठेवला की पुन्हा बसतो. भेसळवाल्याला ही नक्कल जमलेली मी तरी अजून पाहिली नाही. आणि गंमत म्हणजे अन्नसुरक्षेच्या निकषांत कारवीचं शास्त्रीय नाव लिहून वेगळी सवलत दिलेली आहे. इतर मधात सुक्रोज ५ टक्क्यांच्या वर चालत नाही, कारवीच्या मधाला १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. आपल्या डोंगरातलं एक झुडूप दिल्लीच्या कायद्यात नावानिशी बसलंय, पण गावातल्या शाळेत कोणाला ठाऊक नाही.

म्हणून माझं म्हणणं, मध फुलावार वेगळा ठेवा. जांभळाचा एका डब्यात, हिरड्याचा दुसऱ्यात. सगळा एका टाकीत ओतून ‘जंगली मध’ म्हणून विकलात की ते पंचांग कोणाला लागत नाही, आणि लागत नाही ते पुढची पिढी शिकत नाही. जांभळाचा मध काळसर, किंचित कडवट, त्याला वेगळं गिऱ्हाईक आहे. फक्त बाटलीवर ‘मधुमेहींसाठी’ असं लिहू नका. माशी जांभळाच्या बियांवर नाही, फुलावर बसते, आणि बाटलीत उतरते ती साखरच.

सरकारी बाजू थोडक्यात. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, प्रशिक्षण देतात, पेट्यांना अनुदान मिळतं, ‘मधुबन’ नावानं मध विकतात. प्रशिक्षण जरूर घ्या. मे २०२२ मध्ये मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, पुढं भुदरगड तालुक्यातलं पाटगाव. गाव म्हणून या धंद्याकडं बघितलं गेलं हे चांगलं झालं. पर्यटक आले की पेट्या दाखवायच्या, हेही ठीक. दाखवायची पेटी वेगळी ठेवा एवढंच, रोज उघडलेली पेटी टिकत नाही.

आग्या मोहोळाच्या नादाला मात्र तुम्ही लागू नका. ती माशी पेटीत राहत नाही, आणि चिडली तर माणूस मारते. तिचं मोहोळ न जाळता, दिवसाउजेडी अंगभर पोशाख घालून, पिल्लांना धक्का न लावता फक्त मधाचा भाग कापायची रीत वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं विदर्भात शिकवली. त्याच पोळ्यावर माश्या पुन्हा मध भरतात. तुमच्या गावात अजून मशाल घेऊन कड्याला जाणारे कोणी असतील तर त्यांना तिथं धाडता आलं तर बघा. तुमच्या ५० पेट्यांच्या पैशात चार माणसं शिकून येतील.

राहिला वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत चांगलं यावं म्हणून डोंगर पेटवतात. त्यात कारवीची रोपं जातात, आणि पोकळ बुंध्याची जुनी झाडं आतून धुमसत राहतात. ढोली म्हणजे सातेरीचं घर. गेल्या वीस वर्षांत आमच्या शिवारात नानांच्या माहितीतल्या ११ ढोल्यांपैकी ३ उरल्या. फवारणीचं शेजाऱ्याशी बोलून जमतं. स्ट्रॉबेरीवाल्याला सांगितलं की बाबा, सूर्य बुडाल्यावर मार, तर तो ऐकतो, कारण माशी नसली तर त्याचंही फळ वेडंवाकडं येतं. वणव्याचं बोलायला गावकीत बसावं लागतं, आणि तिथं पुण्याहून शनिवारी आलेल्या माणसाचं कोणी ऐकत नाही. मामा, मावसभाऊ, गावात राहणारं कोणी तरी या कामात हवंच. पेट्या त्याच्या दारात, नावानं त्याच्या, मधात वाटा त्याचा. तुम्ही महिन्यातून दोनदा जाऊन ५० काय, ५ पेट्याही सांभाळू शकणार नाही.

तेव्हा या दिवाळीत चार पेट्या उतरवा. पेटी ठेवायच्या घोडीच्या चारी पायांखाली पाण्यानं भरलेल्या वाट्या ठेवायला विसरू नका, आणि पाण्यावर थोडं जळकं तेल टाका. मी पहिल्या रात्री विसरलो होतो. सकाळी पेटीत मुंगळे होते आणि माश्या समोरच्या फणसाच्या सगळ्यात उंच फांदीवर.